लाज नेमकी कुणाची?

लहान मुलाच्या बोबड्या बोलांचे आपल्या मराठीला केवढे कौतुक! संतांनी देवापुढे स्वतःला बोबडे म्हणवून घेण्यात धन्यता मानली. घरोघरच्या आज्या नातवाचा 'र' आणि 'ल' यांचा घोळ शेजारणीला ऐकवण्यासाठी त्याला तेच तेच वाक्य पुन्हा बोलायला लावतात. परंतु तेच मूल दहा-बारा वर्षांचे झाले आणि तरीही बोलताना अडखळत राहिले, म्हणजे हीच भाषा एकाएकी निष्ठुर होते. चोरी पकडली गेली की माणूस 'ततपप' करतो. भीतीने त्याची 'बोबडी वळते'. आणि जो खरा, निर्भय आणि विद्वान असतो तो नेहमी 'अस्खलित' बोलतो. या अस्खलित शब्दाच्या पोटात स्खलन दडलेले आहे, हे संस्कृत घेतलेल्या मित्रांना सांगायला नकोच. स्खलन म्हणजे घसरणे, आणि ते केवळ पायाचे नव्हे, शीलाचेसुद्धा! म्हणजे ज्याची जीभ अडते तो कुठेतरी नीतीतही घसरलेला असावा, असा संशय आपल्या शब्दकोशातच भरून ठेवलेला आहे.

आमच्या सोलापुरात तर या कामासाठी एक भाषा पुरत नाही. मराठीत 'तोतरा', कानडीत 'उग्गु', तेलुगूत 'नत्ती' आणि दखनीत 'हकला'. एकाच पेठेतून सायकलवर जाताना या चारही भाषांतून हाक ऐकण्याचा मान मला लाभलेला आहे. चेष्टेचे साहित्य मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. माझ्या चुलत आजोबांना म्हणे 'तबकडी अडकली' असे म्हणत. काकांच्या वेळी 'कॅसेट गुंतली' होती. माझ्या वाट्याला 'काय बे, बफरिंग चाललंय का?' आले. यंत्रे बदलली, विनोद तोच राहिला. आणि आजोबा, काका व पुतण्या अशी ही परंपरा एकाच घरात चालत आली, यावरून सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट ओळखली असेलच. तोतरेपणा बहुधा घराण्यातून येतो. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांच्या एका गटाने पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास करून त्याच्याशी संबंधित काही जनुके शोधून काढली. सर्वांचा तोतरेपणा त्याने उलगडत नाही, थोड्यांचाच उलगडतो. तरीही, मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव ज्या क्षणी व्हायची त्या क्षणी ती किंचित चुकते, आणि त्यात भित्रेपणाचा, मंदबुद्धीचा वा आईच्या लाडाचा दोष नाही, एवढे आता जाणकारांमध्ये सर्वमान्य आहे.

मराठीचे एक प्राध्यापक एकदा मला आपुलकीने म्हणाले, "अरे, तुझ्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कानडी. जिभेचा गोंधळ होणारच." हे मत सोलापुरात फार जुने आहे. पद्मशाली घरांतल्या कितीतरी आयांना शाळेतून सांगण्यात आले की घरात मराठीच बोला, म्हणजे मुलाची जीभ वळेल. बिड्या वळत बसलेली ती माउली मग आपल्या मुलाशी परक्या भाषेत बोलू लागली, म्हणजे जवळजवळ बोलेनाशीच झाली. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने तोतरेपणा येतो याला कसलाही भक्कम आधार मिळालेला नाही. तसे असते तर अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत एकाही माणसाला धड बोलता आले नसते, आणि आमच्या भागातली भांडणे ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही शंका येणे शक्य नाही.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. वेखंड उगाळून झाला, अक्कलकाढा चघळून झाला, तोंडात सुपारी धरून वर्तमानपत्र मोठ्याने वाचून झाले, मार्कंडेयाला नवस बोलून झाला. रामरक्षेचा एक गुण मात्र खरा. दहा जणांबरोबर म्हणताना मी एकदाही अडलो नाही. पण यात चमत्कार काही नाही. तोतरा माणूस इतरांच्या सुरात सूर मिळवून वाचतो तेव्हा, गातो तेव्हा, एकटा असताना, कुत्र्यामांजरांशी बोलताना बहुधा अडखळत नाही, हे जगभर आढळून आलेले आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीत टाळ घेऊन चालणाऱ्या हजारोंत किती तोतरे असतील ते म्हणूनच कोणाला कळत नाही. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईनासा झाला तरी जीभ मोकळी होते. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जातो तेव्हा तिथल्या खडखडाटात ओरडून बोलताना माझे एकही अक्षर अडत नाही. बाहेर रस्त्यावर आलो, शांतता झाली, की पहिल्याच शब्दाला गाडी थांबते. घशात वा जिभेत काही बिघाड असता तर तो मागांच्या आवाजाने दुरुस्त झाला असता काय?

आता थोडा हिशेब करू. लहान मुलांपैकी शंभरात सुमारे पाच जण कधी ना कधी अडखळतात, बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात, आणि त्यांतली बहुतेक पुढे आपोआप मोकळी होतात. मोठेपणी शंभरात साधारण एक उरतो. पुरुष जास्त, स्त्रिया त्यांच्या चौथाईच्या आसपास. म्हणजे दोन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय धरले तर त्यात आम्ही वीस जण असायला हवेत. मित्रहो, तुम्ही आजवर किती पाहिलेत? मला स्वतःला तीन वर्षांत दोघे भेटले. उरलेले सतरा कुठे गेले?

ते इथेच आहेत. शेवटच्या बाकावर आहेत. 'अबोल', 'घुमा', 'शिष्ट' या नावांनी तुम्ही त्यांना ओळखता. त्यांना उत्तर येत असते, पण ते 'माहीत नाही' म्हणतात, कारण 'माहीत नाही' हे शब्द त्यांना म्हणता येतात. सोलापूरहून मंगळवेढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर कामती हे गाव लागते. 'क'वर अडणारा माणूस एस्.टी.त बसला आणि कंडक्टर तिकिटे फाडत जवळ येऊ लागला की तो काय करतो? तो सरळ 'मंगळवेढा' म्हणतो, जादा पैसे मोजतो आणि कामतीला उतरतो. माझ्या मित्रांचा असा समज आहे की मला पोह्यांपेक्षा उपीट आवडते. मला उपीट मुळीच आवडत नाही. पण 'प'साठी ओठ मिटावे लागतात आणि ते वेळेवर उघडतील याचा भरवसा नसतो. 'उ' हा स्वर आहे, तो सुटतो. अशा रीतीने माणूस काय खातो, कुठे उतरतो, कोणता विषय घेतो, कुणाशी मैत्री करतो, हे सारे हळूहळू व्यंजने ठरवू लागतात. एका वाक्यात तीन शब्द बदलून बोलायची आम्हांला इतकी सवय होते की समानार्थी शब्दांच्या बाबतीत मी आपल्या मराठी विभागाशी पैज लावायला तयार आहे!

पण स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नाही. सर्वांत जास्त तोतरेपणा होतो तो नाव सांगताना, आणि जग नेमके तेच आधी विचारते. आमच्याच भागातल्या एका मुलीची हकीकत सांगतो. ओळख पटेल असे काही सांगणार नाही. मुलगी पदवीधर, हाताला वळण असलेली, अक्षर तर छापल्यासारखे. पाहायला पाहुणे आले. पोह्यांच्या बशा हातांत आल्या आणि रीतीप्रमाणे पहिला प्रश्न आला, "नाव काय तुझं?" नाव माहीत असल्याशिवाय का हे लोक घरी आले होते? तरीही विचारतात. ती अडली. डोळे मिटले, मान हलली, चार-पाच क्षण गेले. आईने घाईघाईने नाव सांगून टाकले. पाहुणे 'कळवतो' म्हणून गेले. पुढच्या वेळी घरच्यांनी तिला बजावले की तू फक्त मान हलव, घसा बसलाय असे आम्ही सांगू. मुलांच्या तोतरेपणावर लोक हसतात. मुलीच्या तोतरेपणावर पांघरूण घालतात, आणि त्या पांघरुणाखाली गुदमरण्याचे काम तिलाच करावे लागते.

जोसेफ शीहान नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. ते स्वतः तोतरे होते. तोतरेपणाला त्यांनी हिमनगाची उपमा दिली. लोकांना जे ऐकू येते ते पाण्यावरचे टोक. पाण्याखाली लाज, भीती, अपराधी भावना आणि टाळाटाळ यांचा खरा डोंगर. आम्हा सोलापूरकरांना हिमनग दिसण्याचा संभव कमी, पण उपमा समजण्यासारखी आहे. माझे मत असे की आजवर आमच्यावर झालेले सगळे उपचार त्या टोकाला घासणारे होते. डोंगराला कोणी हात लावला नाही.

हा डोंगर येतो कुठून? मानसशास्त्राच्या तासाला आपण ॲडलरचा न्यूनगंड शिकतो. तो शब्द आपल्या तरुण लेखकांना इतका आवडला की गेली कित्येक वर्षे असा एकही वार्षिक अंक निघत नसेल ज्यात तो नाही. परंतु न्यूनगंड म्हटले की गाठ माझ्या मनात आहे आणि ती मीच सोडवायची आहे, असे गृहीत धरले जाते. ती गाठ मारली कोणी, हे कोणी विचारत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील आयोवा राज्यात १९३९ साली घडलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेंडेल जॉन्सन हे तिथल्या विद्यापीठातले वाणीशास्त्रातले मोठे नाव. तेही तोतरे होते. त्यांचा तर्क असा की मूल थोडेसे अडखळले की आईबाप त्यावर 'तोतरा' अशी चिठ्ठी चिकटवतात, आणि त्या चिठ्ठीमुळे ते खरोखर तोतरे होते. हे पडताळून पाहण्यासाठी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुले निवडली. त्यांतली काही तोतरी होती, काही चांगली बोलणारी होती. चांगल्या बोलणाऱ्यांपैकी सहा मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसत आहेत, जपून बोला, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. काही महिन्यांनी काय दिसले? ती मुले तोतरी झाली असे ठामपणे म्हणता आले नाही. पण ती बोलेनाशी झाली. वर्गात उत्तर देईनात, बोलताना तोंडावर हात धरू लागली, खाली पाहू लागली. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला. २००१ साली एका वृत्तपत्राने तो उजेडात आणला तेव्हा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली, आणि २००७ साली त्या प्रयोगातील सहा जणांसाठी राज्याने ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई मान्य केली.

या प्रयोगाचा निषेध सर्वांनी केला आणि तो योग्यच आहे. परंतु त्यातून जे सिद्ध झाले त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे मला वाटते. तोतरेपणा सांगून निर्माण करता आला नाही. लाज मात्र सांगून निर्माण करता आली, आणि तीही अशा मुलांमध्ये ज्यांच्या बोलण्यात काहीच खोट नव्हती! म्हणजे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तोतरेपणा माझा आहे, घराण्यातून आलेला आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. लाज मला बाहेरून देण्यात आली. आयोवातल्या मुलांना ती काही महिन्यांत देण्यात आली. मला तर तिसरीपासून अठरावीपर्यंत... छे, इयत्ता अठरावी नसते, पण हिशेब तुमच्या ध्यानात आला असेल.

ही लाज वाटण्याचे काम आपल्या चित्रपटांनी मोठ्या उत्साहाने केले. १९९३ च्या 'डर'मध्ये शाहरुख खानचा तो माथेफिरू प्रेमिक नायिकेचे नाव अडखळत घेतो. त्यानंतर कित्येक वर्षे कोणत्याही तोतऱ्या मुलाला 'क'ने सुरू होणारे नाव घेण्याची सोय राहिली नाही. 'गोलमाल ३'मध्ये (२०१०) आपल्या श्रेयस तळपदेने हशा पिकवण्यासाठी तोच उद्योग केला. त्यातल्या त्यात 'कमीने' (२००९) बरा. शाहिद कपूरच्या जुळ्या भावांपैकी एक तोतरा आहे, पण तो प्रेम करतो, लग्न करतो, रागावतो. माणूस आहे. खलनायक किंवा विदूषक, याशिवाय तिसरी भूमिका आम्हांला मिळू शकते हे त्या निमित्ताने दिसले.

याच्या उलट टोकाला आहेत त्या 'मात केली' छापाच्या कथा. डेमॉस्थेनिसने तोंडात खडे धरून समुद्राच्या गाजेवर आवाज चढवला आणि तो ग्रीसचा सर्वश्रेष्ठ वक्ता झाला. ही गोष्ट मला इतक्या गुरुजनांनी सांगितली आहे की सोलापूरला समुद्र नाही याबद्दल मी देवाचे आभार मानतो. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज १९२५ साली वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या समारोपात भाषण करताना कसा हैराण झाला आणि लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थांच्या मदतीने १९३९ मध्ये युद्धाच्या घोषणेचे भाषण त्याने कसे पार पाडले, यावर २०१० साली सुंदर चित्रपट निघाला. हृतिक रोशननेही आपल्या बालपणापासूनच्या अडखळण्याविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. या सर्वांविषयी मला आदर आहे. परंतु या कथांत एक काटा असतो. ज्याने मात केली तो जिद्दी, तर मग ज्याची जीभ अजून अडते तो आळशी ठरतो. मोठेपणी टिकून राहिलेला तोतरेपणा बहुतेकांच्या बाबतीत कमीजास्त होतो, पण समूळ जात नाही. त्यावर खात्रीचे औषध आजतागायत निघालेले नाही, भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती काहीही म्हणोत. मग 'मात' हीच सन्मानाची अट ठरवली तर आमच्यापैकी बहुतेकांनी जन्मभर अपमानाच्या रांगेतच उभे राहायचे काय?

मला त्यापेक्षा ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटते. राजकारण बाजूला ठेवू. ते आपापल्या मताप्रमाणे ज्याने त्याने पाहावे. १९५७ साली ते केरळचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्याआधी व नंतरही हजारोंच्या सभांतून तोतरे बोलतच बोलत राहिले. तुम्ही नेहमीच अडखळता का, असे कोणी विचारले तेव्हा 'नाही, फक्त बोलताना' असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. त्यांनी मात वगैरे केली नाही. अडखळत पक्ष चालवला, अडखळत सरकार चालवले, ढीगभर पुस्तके लिहिली. श्रोते थांबले, कारण वाक्याच्या शेवटी काहीतरी ऐकण्यासारखे असणार हे त्यांना ठाऊक होते.

आता, लाज उतरवायची कशी? अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर, हेही पुन्हा स्वतः तोतरे (या शास्त्रात आमचीच मंडळी फार!), यांनी एक उलटा उपाय सांगितला. तोतरेपणा लपवू नका. मुद्दाम तोतरे बोला. जिथे अडत नाही तिथेही, सावकाश, डोळ्यांत पाहून, आपल्या मर्जीने अडखळा. प्रथम वाचले तेव्हा मला हा विनोद वाटला. पण आपल्या देशातही तोतऱ्या लोकांनी स्वतःच चालवलेले गट आहेत. दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही त्यांची संघटना, आणि पुण्यामुंबईकडे त्यांच्या बैठका होतात. तिथेही हाच मार्ग सांगतात. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीशी रोज सकाळी जाऊ लागलो. प्रश्न एकच. सिद्धेश्वर एक्स्प्रेस किती वाजता सुटते? ती रात्री सुटते हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण 'सि'वर मुद्दाम तीनदा थांबायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचे. पहिल्या दिवशी घामाने सदरा भिजला. चौथ्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मला जे दिसले ते मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, कारण त्याआधी अडताना मी नेहमी जमिनीकडे पाहत असे. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, कीव नव्हती. कंटाळा होता. साधा, सरकारी, सर्वांसाठी समान कंटाळा! मला केवढे हायसे वाटले म्हणून सांगू. दहाव्या दिवशी तेच म्हणाले, "अहो, किती वेळा विचारताय, जायचंय तरी का तुम्हाला?"

यामुळे माझा तोतरेपणा कमी झाला का? फारसा नाही. कमी झाली ती आधीची रात्र. म्हणजे उद्या बोलावे लागणार म्हणून आदल्या रात्री जे जागरण होई ते. आणि हा उपाय प्रत्येकाला मानवेल असेही मी म्हणणार नाही. कित्येकांना वाणीतज्ज्ञांची मदत लागते. ती मिळण्याची मोठी ठिकाणे म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था किंवा म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था. आमच्यासारख्यांना आठवड्याला मुंबईची खेप कशी परवडावी? लहान मुलांच्या बाबतीत तर वेळेवर मदत मिळाल्यास पुष्कळ फरक पडतो, आणि नेमके तेव्हाच 'मोठेपणी जाईल' म्हणून सोडून दिले जाते. काही दिवस असेही येतात की सगळे शिकलेले विसरायला होते आणि मी पुन्हा उपीट मागवतो.

आता आपल्या महाविद्यालयाविषयी. प्राध्यापक मंडळींनी राग मानू नये. हल्ली अंतर्गत मूल्यमापन आले. सेमिनार, सादरीकरण, तोंडी परीक्षा वाढल्या. पाच मिनिटांत पाच मुद्दे मांडायचे असतात. मला तेच पाच मुद्दे मांडायला नऊ मिनिटे लागतात. गुण कशाचे, मुद्द्यांचे की मिनिटांचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषाचा समावेश आहे, पण त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढून टाकणे, मेंदूच्या आघाताने वाचा जाणे यांसारखी उदाहरणे आहेत. तोतरेपणाचे नाव नाही. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांच्या हाती दाखवायला कागद नसतो आणि जादा वेळ ही परीक्षकाच्या मर्जीची गोष्ट होते. माझ्या काही तोतऱ्या मित्रांना प्रमाणपत्र हवे आहे, काहींना त्या शब्दाचीच शिसारी आहे. माझे मत विचाराल तर तोंडी परीक्षेतून सूट कोणी देऊ नये. सूट म्हणजे पुन्हा शेवटचे बाक. वेळ द्यावा.

वर्गात दोन तऱ्हेचे शिक्षक भेटतात. हसणारे एक, पण ते आता थोडे उरले. दुसरे दयाळू. यांचा त्रास जास्त. मी 'लो' म्हणून थांबलो की ते 'लोकशाही' म्हणून मोकळे होतात. मला 'लोकमान्य' म्हणायचे असते. पण त्यांनी इतक्या प्रेमाने मदत केलेली असते की मी मान हलवतो आणि चुकीचे उत्तर माझ्या नावावर जमा होते. काही जण 'सावकाश, घाबरू नकोस' म्हणतात. मी घाबरलेला नसतो, अडलेला असतो. आणि काही जण वर्गात प्रश्न विचारत येतात, माझ्या बाकापाशी आले की नजर हळूच पुढच्या मुलाकडे वळवतात. त्यांना वाटते, कशाला बिचाऱ्याची पंचाईत! त्या वळलेल्या नजरेत जे असते तेच आयोवाच्या त्या अनाथ मुलांना सांगितले गेले होते, की नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

माझे वडील चौथी शिकलेले आहेत. मी बोलताना अडलो की ते नुसते थांबतात. मदत करत नाहीत, दुसरीकडे पाहत नाहीत, घड्याळ पाहत नाहीत. मागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा सुरू करायचा, हे त्यांनी तीस वर्षे केले आहे. थांबण्यात त्यांना काही विशेष वाटत नसावे. मी त्यांना कधी विचारलेले नाही.

मला बी.एड. करून शिक्षक व्हायचे आहे. हे ऐकून गावातले वडीलधारे, नातेवाईक आणि एक-दोन प्राध्यापकही गंभीर झाले. बँकेच्या परीक्षा दे, आतल्या टेबलावर काम मिळेल, असा सल्ला मिळाला. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोने विकत नाही, हे मला माहीत आहे. पण मुलाखतीत मला नाकारायचे असेल तर माझे उत्तर पूर्ण ऐकून नाकारावे, एवढी अपेक्षा ठेवण्याचा मला हक्क आहे. आणि माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांत कधीतरी एक जण 'हजर' म्हणताना अडेल. त्याला समोर फळ्यापाशी तसाच एक माणूस उभा दिसला तर त्याचे नुकसान होईल की फायदा, हा प्रश्न मी त्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहिला. त्यांनी विषय बदलला. ते अस्खलित बोलतात, त्यांना विषय बदलता येतो.

जाता जाता त्या सतरा जणांसाठी एक निरोप. नव्या वर्षात दर शनिवारी दुपारी दोन वाजता ग्रंथालयामागच्या लिंबाखाली आम्ही तिघे बसणार आहोत. उपचार नाहीत, व्याख्यान नाही, वर्गणी नाही. ज्यांना मित्राच्या सोबतीने यायचे असेल त्यांनी तसे यावे, मुलींनीही यावे. पहिल्या शनिवारचा कार्यक्रम एवढाच की प्रत्येकाने आपले पूर्ण नाव सांगायचे, दुसऱ्याने ते पूर्ण करायचे नाही. तास दीड तास लागेल. चहा आम्ही मागवू. 'च' कोण म्हणणार ते तिथे आल्यावर ठरवू.